सुया, साखर आणि तळपायांची आग

प्रश्न : माझे वडील ६६ वर्षांचे आहेत आणि सोळा वर्षांपासून त्यांना टाइप २ मधुमेह आहे. मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइडच्या गोळ्या आणि रात्री इन्सुलिन असे उपचार चालू आहेत. वर्षभरापासून रात्री त्यांच्या तळपायांची आग होते, मुंग्या येतात, झोप लागत नाही. इथल्याच एका ॲक्युपंक्चर केंद्रात ते चौकशीला गेले, तेव्हा त्यांना वीस सिटिंग सांगण्यात आल्या. पायांची आग थांबेल, साखर उतरेल आणि हळूहळू गोळ्या व इन्सुलिनही बंद करता येईल, असे आश्वासन मिळाले. पुरावा म्हणून एका संशोधनलेखाची प्रत दिली. मधुमेहातील ॲक्युपंक्चरवर दरवर्षी किती शोधनिबंध निघतात याचा चढता आलेख तिच्यात आहे. भिंतीवर डॉ. कोटणीसांचे छायाचित्र पाहून तर बाबांचा विश्वास पुरता बसला. सगळ्या सिटिंगचे पैसे आगाऊ भरायचे आहेत. त्यांना जाऊ द्यावे की नाही? — एक वाचक, सोलापूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. पायांच्या आगीसाठी, चालू उपचारांना जोड म्हणून आणि काही अटी पाळून, बाबांनी ॲक्युपंक्चर करून पाहायला माझी हरकत नाही. साखर उतरवण्यासाठी किंवा औषधे सोडण्यासाठी मात्र त्यांनी तिकडे जाऊ नये, आणि इन्सुलिन तर कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नये. त्या केंद्राने ही दोन्ही आश्वासने एकाच दमात दिली असली, तरी त्यांच्यामागचे संशोधन सारख्या वजनाचे नाही.

तुम्हाला दिलेल्या लेखापासून सुरुवात करतो. अशा लेखाला ग्रंथमितीय अभ्यास म्हणतात. संशोधक वेब ऑफ सायन्ससारख्या सूचीतून एका विषयावरचे सगळे शोधनिबंध काढतात आणि साइटस्पेस किंवा व्हॉसव्ह्यूअर या संगणक प्रणालींच्या साहाय्याने कोणत्या देशातून किती निबंध आले, कोणते शब्द एकत्र येतात, कोणाचा हवाला कोण देतो यांचे रंगीत नकाशे तयार करतात. मधुमेह आणि ॲक्युपंक्चर या विषयाचा असा नकाशा काढला, तर चीन सर्वांत पुढे दिसतो आणि अमेरिका, दक्षिण कोरिया व तैवान यांचीही कामे ठळकपणे आढळतात. विषयांचा कलही कळतो : उंदरांतील इन्सुलिन आणि रक्तशर्करा यांवरच्या प्रयोगांच्या जोडीला आता मज्जातंतूंची इजा, जठराची मंदावलेली हालचाल, इन्सुलिन-प्रतिरोध (म्हणजे इन्सुलिनला शरीराने नीट दाद न देणे), शरीरातील दाह आणि आतड्यांतील जिवाणू हे विषय पुढे येत आहेत. पुढचे संशोधन कोठे करावे हे ठरवणाऱ्याला ही माहिती फार उपयोगाची असते. पण असा आलेख निबंध मोजतो, गुण मोजत नाही. एखाद्या चाचणीत ॲक्युपंक्चर निरुपयोगी ठरले, तर तोही निबंध त्याच आलेखात भर घालतो. त्यामुळे ‘इतके संशोधन झाले आहे’ या विधानावरून ‘इतका गुण येतो’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

याच संदर्भात एक जुना अभ्यास तुम्हाला ठाऊक असावा असे मला वाटते. १९९८ मध्ये अँड्र्यू व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी ॲक्युपंक्चरच्या नियंत्रित चाचण्यांचे निष्कर्ष देशवार तपासले, तेव्हा चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवान येथून आलेली प्रत्येक चाचणी ॲक्युपंक्चरला अनुकूल निघालेली त्यांना आढळली. जगातला कोणताही उपचार प्रत्येक चाचणीत यशस्वी ठरत नसतो. प्रतिकूल निष्कर्ष छापलेच जात नसावेत किंवा चाचण्यांच्या रचनेत ढिलाई असावी, असा संशय अशा एकसुरी यशातून येतो. तेव्हापासून बरीच सुधारणा झाली आहे. चाचणीत सुया कोठे, किती खोल, किती वेळ लावल्या हे नीट नोंदवण्याचे ‘स्ट्रिक्टा’ नावाचे निकष २००१ मध्ये आले आणि २०१० मध्ये सुधारले गेले. तरीही ज्या देशातून सर्वाधिक निबंध येतात तेथील जुन्या निबंधांवर उभारलेल्या आढाव्यांकडे सावधपणेच पाहावे लागते.

आता साखरेविषयी. ॲक्युपंक्चरने साखर उतरते ही कल्पना हवेतून आलेली नाही, हे मी आधी प्रामाणिकपणे सांगतो. तैवानमधील संशोधकांनी १९९९ मध्ये मधुमेही उंदरांच्या पोटावरील झोंगवान या बिंदूवर (सुई टोचण्याच्या ठरलेल्या जागेला बिंदू म्हणतात), म्हणजे बेंबी आणि छातीचे हाड यांच्या मध्यावर, सुयांतून मंद विद्युतप्रवाह दिला आणि रक्तातील साखर खाली आलेली पाहिली; हा परिणाम इन्सुलिनवर अवलंबून असल्याचे त्यांनी दाखवले. गुडघ्याच्या वाटीखाली साधारण चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या झुसानली या बिंदूवरही पुष्कळ प्रयोग झाले आहेत. २०२१ मध्ये हार्वर्डमधील चिउफू मा यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेले काम तर फारच नेटके आहे : उंदराच्या मागच्या पायावरील या बिंदूला सौम्य विद्युत उत्तेजन दिल्यावर विशिष्ट प्रकारच्या संवेदी चेतापेशींमार्फत मेंदूकडे संदेश जातो, तेथून मेंदूपासून पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेमार्गे मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीपर्यंत पोहोचतो आणि शरीरातील दाह कमी होतो, पोटावरील बिंदूला तेवढेच उत्तेजन दिले तर असे घडत नाही. सुई टोचल्याने शरीरात काहीच होत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. परंतु उंदरातला दाह कमी होणे आणि सोळा वर्षे मधुमेह असलेल्या माणसाची साखर महिनोन्महिने आटोक्यात राहणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते माणसांवरील चाचण्यांनीच ओलांडावे लागते.

आपल्याकडची एक चाचणी उदाहरणादाखल घेतो, कारण केंद्रात बाबांना असाच अनुभव येण्याची शक्यता आहे. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१७ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या ४० रुग्णांवर एक लहान प्राथमिक चाचणी प्रसिद्ध केली. काहींना झोंगवान बिंदूवर, काहींना त्याच्या शेजारच्या, बिंदू नसलेल्या जागी सुई टोचण्यात आली आणि लगेच साखर मोजली. खऱ्या बिंदूच्या गटात साखर आधीच्या तुलनेत खाली आली, दुसऱ्या गटात तसा लक्षणीय फरक दिसला नाही. काम चांगले आहे, पण ते एका बैठकीपुरते आहे. अर्धा तास शांत पडून राहणे, शेवटच्या जेवणाला झालेला वेळ, सकाळी घेतलेली गोळी यांनी ग्लुकोमीटरवरचा आकडा सहज दहा-वीसने हलतो. डोळे, मूत्रपिंडे आणि पाय वाचतात ते महिनोन्महिने साखर आटोक्यात राहिल्याने, आणि ते कळते साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी या तपासणीवरून. म्हणून सिटिंगच्या आधी १९० आणि नंतर १६५ असे आकडे दाखवून कोणी पाठ थोपटून घेऊ लागले, तर बाबांनी त्यावर भुलू नये.

मग दीर्घ मुदतीची चाचणी कोणी केलीच नाही का? केली आहे, आणि माझ्या मते या विषयातली ती सर्वांत बोलकी चाचणी आहे, जरी ती मधुमेहींवर नसून बीजांडकोशाच्या पीसीओएस या विकाराबरोबर इन्सुलिन-प्रतिरोध असलेल्या स्त्रियांवर झाली. २०२२ मध्ये ‘ह्यूमन रिप्रॉडक्शन’ या नियतकालिकात चिनी संशोधकांनी ३४२ स्त्रियांची ही चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाला खरे ॲक्युपंक्चर आणि खोटी गोळी, दुसऱ्याला मेटफॉर्मिन आणि लटके, म्हणजे केवळ देखाव्याचे, ॲक्युपंक्चर, तिसऱ्याला लटके ॲक्युपंक्चर आणि खोटी गोळी, असे चार महिने उपचार दिले. इन्सुलिनविषयीची संवेदनशीलता सुधारण्यात खरे ॲक्युपंक्चर लटक्यापेक्षा सरस ठरले नाही, आणि ग्लुकोज दिल्यानंतरची साखर हाताळण्यात मेटफॉर्मिन त्याच्यापेक्षा उजवे निघाले. मेटफॉर्मिनने पोटाच्या तक्रारी मात्र अधिक झाल्या, हेही संशोधकांनी लपवले नाही. हे काम चीनमधलेच आहे, हे मी मुद्दाम सांगतो. तेथील संशोधनाला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. कठोर रचनेच्या आणि प्रतिकूल निष्कर्ष छापण्याचे धैर्य दाखवणाऱ्या चाचण्या आता तेथूनच येत आहेत, आणि मला तरी संशोधनाचा खरा कल त्या आलेखापेक्षा येथे दिसतो.

दुसऱ्या बाजूचेही सांगायला हवे. ऑस्ट्रेलियातील एडिथ कोवन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ च्या सुमारास मधुमेहपूर्व अवस्थेतील ३,६०० हून अधिक लोकांवरील अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला आणि ॲक्युपंक्चरने साखरेचे आकडे सुधारतात असा आशादायक निष्कर्ष मांडला. पण मधुमेहपूर्व अवस्थेतला माणूस आणि इन्सुलिनवर असलेले तुमचे बाबा यांची स्थिती एक नाही. शिवाय आढावा ज्या चाचण्यांवर उभा असतो त्यांच्याहून तो अधिक भक्कम होऊ शकत नाही.

वर ‘लटके ॲक्युपंक्चर’ असा शब्दप्रयोग केला, त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळा वाद तेथेच आहे. गोळीची तुलना खडूच्या गोळीशी करता येते, पण सुई टोचली की नाही हे रुग्णाला कळतेच. १९९८ मध्ये जर्मनीतील श्ट्राइटबर्गर यांनी यावर तोड काढली : बोथट टोकाची सुई त्वचेला टेकली की तिचा दांडा तिच्याच मुठीत सरकतो, रुग्णाला टोचल्याचा भास होतो, पण सुई आत शिरत नाही. काही चाचण्यांत सुया खऱ्या असतात, मात्र त्या उथळ आणि भलत्याच जागी लावतात. अशा तुलनांतून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के, लटक्याने ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के रुग्णांना चांगला गुण आला. म्हणजे सुया लावून घेणाऱ्यांना आराम पडला तो खरा, पण सुई नेमकी कोणत्या बिंदूवर लावली याने फारसा फरक पडला नाही. वेदनेच्या बाबतीत हा आराम मी क्षुल्लक मानत नाही. ज्याला रात्री झोप लागली त्याच्यासाठी ती झोप खरीच असते. साखरेच्या बाबतीत मात्र बरे वाटण्यावर विसंबता येत नाही, कारण वाढलेली साखर बरे वाटत असतानाही डोळ्यांचा आणि मूत्रपिंडांचा घास घेत राहते.

येथून आपण बाबांच्या पायांकडे येतो. मँचेस्टरमधील मधुमेहतज्ज्ञांनी १९९८ मध्ये मज्जातंतूंच्या इजेमुळे पाय दुखणाऱ्या ४६ मधुमेहींना दहा आठवड्यांत सहा वेळा ॲक्युपंक्चर दिले. उपचार पूर्ण करणाऱ्या ४४ पैकी ३४ जणांच्या वेदना बऱ्याच कमी झाल्या आणि अनेकांची वेदनाशामक औषधे घटली किंवा थांबली. याच अभ्यासात एचबीए१सी मध्ये लक्षणीय फरक पडला नाही आणि पायांच्या मज्जातंतूंच्या तपासणीतही सुधारणा आढळली नाही. त्यात तुलनेचा गट नव्हता, ही त्याची मोठी उणीव. पुढे दक्षिण कोरियातील संशोधकांनी १२६ रुग्णांवर तुलनात्मक चाचणी केली आणि ती २०१८ मध्ये ‘डायबिटीज केअर’मध्ये आली : आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे विद्युत-ॲक्युपंक्चर घेतलेल्यांची वेदना सुमारे एक-पंचमांशाने, तर नेहमीचेच उपचार घेतलेल्यांची सुमारे नऊ टक्क्यांनी उतरली. बर्लिनमधील ६२ रुग्णांच्या अलीकडच्या चाचणीतही उपचार घेणाऱ्यांच्या तक्रारी प्रतीक्षा यादीवर ठेवलेल्यांपेक्षा कमी झाल्या. या दोन्ही चाचण्यांत लटक्या सुयांचा गट नव्हता. उपचारांवरील चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१७ मध्ये मज्जातंतूंच्या वेदनेवरील ॲक्युपंक्चरचा आढावा घेतला, तेव्हा त्यांच्या निकषांत बसणाऱ्या सहाच चाचण्या सापडल्या आणि बाजूने किंवा विरुद्ध कौल देण्याइतका पुरावा नाही, असे त्यांनी म्हटले. एवढे सगळे समोर ठेवून माझे मत असे की काही रुग्णांची आग आणि मुंग्या मध्यम प्रमाणात कमी होऊ शकतात, पण मेलेले मज्जातंतू त्याने जिवंत होतात असे दिसलेले नाही. जेवण पोटात साचून मळमळ होण्याच्या तक्रारीवरही हा उपचार देतात. तेथील पुरावा २०१८ च्या कॉक्रेन आढाव्याने अत्यंत कमी खात्रीचा ठरवला आहे.

सुया लावून घेण्याआधी एक काम मात्र अवश्य करा. बाबांचे बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये त्याची कमतरता निर्माण होते, शाकाहारी माणसात तर अधिकच, आणि तिच्यामुळेही पायांना मुंग्या येतात, आग होते. तसे असेल तर इलाज स्वस्त आणि सोपा आहे. त्याच भेटीत डॉक्टरांकडून पायांची मोनोफिलामेंट तपासणी करून घ्या. नायलॉनचा एक जाडसर धागा तळव्यावर आणि बोटांवर, तो वाकेपर्यंत, जेमतेम क्षणभर टेकवतात. वाकताना त्याचा दाब दहा ग्रॅम असतो. बाबांनी डोळे मिटून प्रत्येक वेळी ‘कळले’ असे सांगायचे असते. जेथे ते गप्प राहतील तो भाग बधिर झाला आहे असे समजावे, आणि तेथे खडा बोचला किंवा चप्पल चावली तरी त्यांना कळणार नाही. रात्रीच्या आगीसाठी ड्युलोक्सेटिन, प्रीगॅबालिन, ॲमिट्रिप्टिलिन अशी औषधेही आहेत. ती वापरून पाहिली आहेत का, हे तुमच्या पत्रात नाही, म्हणून डॉक्टरांना विचारा.

त्यानंतरही बाबांची इच्छा असेल तर जाऊ द्या, पण सुया प्रत्येक वेळी नव्या, सीलबंद पाकिटातल्या आणि एकदा वापरून टाकायच्या असाव्यात. पायाला जखम, भेग, सूज किंवा लाली असेल त्या भागात सुई नको. औषधी वनस्पती जाळून शेक देण्याचा मॉक्सा हा प्रकार तर बाबांच्या पायांवर मुळीच नको, कारण बधिर पायाला चटका कळत नाही आणि मधुमेहीच्या पायावरचा फोड कोठवर जाईल हे सांगता येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा हृदयात पेसमेकर असेल तर आधी सांगावे. पेसमेकर असल्यास विद्युतप्रवाह देऊ नये. ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिन दोन्ही चालू असल्याने उपाशीपोटी सिटिंगला जाऊ नये आणि साखर-गोळ्या खिशात ठेवाव्यात. घाम सुटून हातपाय थरथरू लागले, तर तो उपचाराचा गुण नसून साखर घसरल्याची खूण असू शकते. एरवी प्रशिक्षित हातांत हा उपचार बराच सुरक्षित आहे : जर्मनीतील सव्वादोन लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदीत सुमारे साडेआठ टक्क्यांना त्रास झाला आणि त्यात किरकोळ रक्तस्राव व वेदना यांचेच प्रमाण अधिक होते.

खरा धोका सुईत नाही, औषध सोडण्यात आहे. २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये शरीराला थापट्या मारण्याच्या एका उपचार-शिबिरात ७१ वर्षांच्या एका मधुमेही बाईंनी इन्सुलिन थांबवले आणि त्या दगावल्या. शिबिर घेणाऱ्या उपचारकाला २०२४ मध्ये न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दल दहा वर्षांची शिक्षा दिली. तेथे सुया नव्हत्या, पण ‘आता औषधाची गरज नाही’ हा विश्वास तोच होता. बाबांची साखर खरोखरच उतरू लागली, तर इन्सुलिनचे युनिट कमी करण्याचा निर्णय त्यांचे मधुमेहाचे डॉक्टर नोंदवही पाहून घेतील.

भिंतीवरच्या छायाचित्राविषयीही लिहिणे मला कर्तव्य वाटते, कारण डॉ. द्वारकानाथ कोटणीस तुमच्या गावचे आणि आपल्या सर्वांच्या आदराचे. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात ते होते, आणि १९४२ मध्ये तेथेच सेवा करताना वारले. ते शल्यचिकित्सक म्हणून तेथे झटले. त्याच पथकातील डॉ. बिजॉयकुमार बसू पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी कोलकात्यात ते सुरू केले. कोटणीसांच्या त्यागाला वंदन करावे, मात्र त्यांचे छायाचित्र साखर उतरण्याचा पुरावा होत नाही. त्यापेक्षा उपचारकाची नोंदणी पाहावी : महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको.

पैशांचे म्हणाल तर वीस सिटिंगचे आगाऊ भरू नका. दर सिटिंगला द्यावेत. सुरुवातीच्या आठवड्यापासून रोज सकाळी बाबांनी रात्रीच्या आगीला शून्य ते दहा यांतला एक आकडा द्यावा आणि किती तास झोप लागली तेही वहीत लिहावे. आठ आठवड्यांनी आकडा निदान तीसेक टक्क्यांनी उतरला नसेल, तर उपचार थांबवावा. तीन महिन्यांनी एचबीए१सी करावी, तीही केंद्रात नव्हे, नेहमीच्या प्रयोगशाळेत, आणि तिचा अहवाल वहीसकट मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवावा.